नापास होण्याची मुभा

मराठी साहित्यात पदवी फार लवकर मिळते. कादंबरी घ्या, आत्मकथन घ्या. नायक शाळेच्या पायरीवर चाळीस-चाळीस पाने बसलेला असतो. पाटीसाठी, पाण्याच्या घोटासाठी, मास्तरांच्या छडीखाली. आणि मग एकाएकी, एका ओळीत, तो बी.ए. होतो. पुढे पदवी घेतली अशा अर्थाचे एक वाक्य येते आणि लगेच पुढच्या परिच्छेदात नोकरीचा अर्ज, खोलीचा शोध, आडनाव विचारणारा घरमालक. त्या एका वाक्याच्या पोटात काय गाडले गेले आहे, ह्याकडे आपल्या समीक्षेचे लक्ष गेलेले दिसत नाही. वेदना, नकार, विद्रोह ह्या शब्दांवर आपण पुष्कळ शाई खर्च केली. पदवीच्या अखेरच्या सत्रावर, म्हणजे डिसेंबर ते मे ह्या पाच-सहा महिन्यांवर, केली नाही.

वस्तुतः शिकणाऱ्या दलित तरुणाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड वळण तेथेच असते. शाळेत असताना त्याला स्वतःला काही ठरवायचे नसते. घर ठरवते, भूक ठरवते, कधी एखादा भला मास्तर ठरवतो. पदवीच्या शेवटच्या सत्रात मात्र तो एकवीस वर्षांचा असतो. त्याच्या हातांना बाजारात भाव असतो, आणि वर्गात बसलेला प्रत्येक तास आपण कोणाच्या तरी अंगमेहनतीतून उचलतो आहोत हे त्याला रुपये-पैशांत कळत असते. हे कळणे साहित्यात का उतरले नाही, असा माझा प्रश्न आहे. तो तपासण्यासाठी मी वाशीच्या एपीएमसी मार्केटचा आधार घेतो आहे. माझ्या वर्गातील बरीच मुले त्या आवारातून थेट सकाळच्या तासाला येतात. आणि मीही घरातला पहिलाच पदवीधर असल्याने त्यांच्या डोळ्यांतली झोप मला ओळखता येते.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली आणि शहरातले घाऊक बाजार एकेक करून खाडीपलीकडे आले. कांदा-बटाटा १९८१ साली, मसाला आणि धान्य १९९१ च्या सुमारास, भाजीपाला आणि फळे १९९६ साली. मशीद बंदर, दाणाबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथे डोक्यावर ओझी वाहणारी माणसेही बाजारामागोमाग आली. ज्यांचे नाव नोंदवहीत होते त्यांपैकी पुष्कळजण कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत गेले. ज्यांचे कोठेच नव्हते त्यांनी तुर्भे स्टोअरच्या झोपडपट्टीसारख्या ठिकाणी आसरा शोधला. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदीत हमालाला मंडळ दिले, भविष्यनिर्वाह निधी दिला, बिल्ला दिला. त्या कायद्याचे आणि त्यासाठी झालेल्या लढ्याचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु टोळीत शिरकाव होतो तो बहुधा गाव आणि नातेगोते पाहून. माथाडींत सातारा, सांगली, पुणे ह्या जिल्ह्यांतून आलेल्या मराठा कुटुंबांचा भरणा मोठा आहे. आपली माणसे ह्या बाजारात दिसतात ती जास्त करून टोळीच्या कडेला. कोणी बदलीवर, कोणी पाटीवर, कोणी झाडूवर. आणि बायका मिरचीची देठे खुडायला, कांदा निवडायला.

आता ह्या बाजाराचे पंचांग आणि विद्यापीठाचे पंचांग शेजारी-शेजारी ठेवून पाहा. हापूसची आवक फेब्रुवारीपासून वाढू लागते आणि एप्रिल-मेमध्ये फळबाजार पेट्यांनी भरून जातो. रात्री कोकणातून गाड्या येतात, माल उतरतो, पहाटे व्यवहार होतो. सहाव्या सत्राची परीक्षा येते ती नेमकी ह्याच दिवसांत. ज्या आठवड्यांत वर्षातली सर्वांत चांगली कमाई व्हायची, त्याच आठवड्यांत कमाई सोडून अभ्यासाला बसायचे असा हा पेच आहे. पांढरपेशा घरात परीक्षा म्हणजे दूरदर्शन संच बंद, हळू आवाजात बोलणे आणि आईने आणून दिलेले दूध. तुर्भ्यात परीक्षा म्हणजे आंबा. आई विचारते, ‘‘पेपर कवा हाय?’’ आणि उत्तर ऐकून ती बोटांवर काही मोजते. ती काय मोजते हे पोराला ठाऊक असते.

भाजीपाला बाजार तर रात्री दोन-तीन वाजताच जागा होतो. मुलांनी ह्यावर काढलेली तोड अशी आहे : पेपरच्या आदल्या रात्री खाडा, बाकीच्या रात्री काम. सहा पेपर म्हणजे सहा खाडे. हा हिशेब वहीच्या मागल्या पानावर पेन्सिलीने मांडलेला असतो. पुढच्या पानांवर भाषाविज्ञान नाहीतर भारतीय अर्थव्यवस्था. मी पुष्कळ वह्या तपासतो; मागले पान पुढल्या पानांपेक्षा नेहमी अधिक अचूक असते. (फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगण्याची रीत चालत आली. तिला हत्ता म्हणतात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देताना तुम्ही प्राध्यापक तरी वेगळे काय करता, असे एका विद्यार्थ्याने मला हसत विचारले होते. मला उत्तर सुचले नाही.)

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा आणि शिका’ ह्या तत्त्वावर. तेथे कमावणे आणि शिकणे ह्या दोहोंची जबाबदारी एकाच संस्थेने घेतली होती, म्हणून त्यांची वेळापत्रके एकमेकांशी बोलत होती. बाजारातल्या मुलासाठी ती कोणीच जोडलेली नाहीत. ती तो आपल्या झोपेतून जोडतो.

ही झाली वस्तुस्थिती. आता साहित्याकडे वळू.

१९६३ साली मराठीत दोन पुस्तके आली. एक भालचंद्र नेमाडे ह्यांची ‘कोसला’ ही कादंबरी. दुसरे बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. विद्यापीठांतील मराठीच्या वर्गांत ही दोन्ही पुस्तके शिकवली जातात, पण वेगवेगळ्या पेपरांत. एक ‘आधुनिक कादंबरी’त, दुसरे ‘दलित साहित्या’त. त्यामुळे ती एकमेकांसमोर बसवून पाहण्याची वेळच येत नाही. ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा. तो पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, मेस चालवून तोट्यात घालतो, स्नेहसंमेलनात पडतो, बापाचे हजारो रुपये उधळतो आणि शेवटी पदवीविना सांगवीला परततो. ह्या कादंबरीची थोरवी मी नाकारीत नाही. लहान बहिणीच्या मृत्यूवरची त्यातील पाने मराठी गद्यात क्वचितच कोणी गाठलेल्या उंचीवर आहेत. शिक्षणाच्या पोकळपणाची तिने केलेली टवाळी आजही आम्हा प्राध्यापकांना झोंबते, आणि झोंबलीच पाहिजे.

परंतु ह्या टवाळीला एक जमीन आहे. मी जमीन हा शब्द शब्दशः वापरतो आहे. पांडुरंग नापास होतो तेव्हा सांगवी जागेवर असते. वडील बोलतील, गाव हसेल, पण ताटात भाकरी पडेल. त्याचे नापास होणे हा त्याने जगाला दिलेला नकार ठरतो, कारण नकार दिल्यानंतर परतायला त्याला घर आहे आणि घरामागे शेत आहे. मराठी समीक्षेने ह्या कादंबरीच्या निमित्ताने अस्तित्ववाद, परात्मता, अर्थशून्यता ह्यांची जितकी चर्चा केली तितकी त्या मेसच्या बिलाची केली नाही. ज्याच्या नापास होण्याला तत्त्वज्ञानाचा दर्जा मिळतो, त्याच्यामागे कोणाची तरी मालमत्ता उभी असते, ही साधी गोष्ट तिला दिसली नाही.

त्याच वर्षीच्या बागुलांच्या कथेतला तरुण पाहा. शिकलेला, रेल्वेत काम मिळालेला, परगावी डोक्यावर छप्पर हवे म्हणून जात लपविणारा. त्यालाही जग अर्थशून्य वाटण्याजोगे प्रसंग येतात, पण त्याला अर्थशून्यतेत बसून राहता येत नाही. मागे सांगवी नाही. मागे जे गाव आहे तेथे परत जाणे म्हणजे ज्यातून बाहेर पडलो त्यातच शिरणे. नकार ह्या शब्दावर दलित साहित्याचा हक्क आहे असे आपण म्हणत आलो. खरे पाहता शिक्षणाच्या बाबतीत नकार देण्याची ऐपत आपल्यापाशी कधी नव्हतीच. ती ज्यांच्यापाशी होती त्यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली.

येथे कोणी म्हणेल, कोपरखैरण्याच्या मराठा माथाडीचा मुलगा तरी कोठे सांगवीचा वारस आहे? आक्षेप बरोबर आहे. कोरडवाहू तुकड्यावर भागत नाही म्हणूनच तर त्याचा बाप साताऱ्याहून पाठीवर गोणी घ्यायला आला. अखेरच्या सत्रात तोही पहाटे पेट्या उतरवून येतो आणि तोही मागल्या बाकावर डुलक्या घेतो. त्याच्याशी आपले भांडण नाही. ते भांडण लावणारे दुसरेच असतात. तरीही दोघांच्या नापास होण्यात फरक आहे. त्याच्यासाठी टोळीत जागा निघण्याची शक्यता असते, बाप म्हणतो, ‘‘बिल्ला मिळतोय तवर घे.’’ आणि तो नापास झाला तर एक मुलगा नापास होतो. आपला मुलगा एकटा नापास होत नाही. निकालाच्या फळ्यासमोर कोणीतरी हळूच म्हणतो, सवलतीवर आलेली पोरे. तेवढ्याने त्याच्या मागून येणारी दहा मुलेही नापास होतात. हे ओझे पन्नास किलोच्या गोणीपेक्षा जड आहे, आणि त्याला वाराई मिळत नाही.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला नारायण सुर्वे ह्यांचे ‘माझे विद्यापीठ’ आहे. हा संग्रह १९६६ चा. कामगारवस्तीत वाढलेला, महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि पुढे शिक्षक झालेला हा कवी रस्त्याला आणि गिरणीला आपले विद्यापीठ म्हणतो, तेव्हा तो आपल्या आयुष्याचा सरळ वृत्तान्त देत असतो. विद्यापीठाचे दार बंद होते म्हणून जे उघडे होते त्याला त्याने ते नाव दिले. सुर्व्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या पांढरपेशा चाहत्यांबद्दल. सभा-संमेलनांतून हे चाहते रस्त्याच्या विद्यापीठाचे इतके गोडवे गातात की खऱ्या विद्यापीठाचे दार बंद का होते, हा प्रश्न विचारायचे राहून जाते. बाजारातून आलेल्या मुलाला हे लोक सांगतात, तुझा खरा अभ्यास तर तेथेच झाला. मुलगा नम्रपणे मान हलवतो. बाजार काय शिकवतो हे त्याला त्यांच्यापेक्षा नक्की ठाऊक असते. वजनात कसे मारतात ते शिकवतो, कोणाशी कोणत्या आवाजात बोलावे ते शिकवतो. पण बाजार गुणपत्रिका देत नाही, आणि लिपिकाच्या जागेच्या जाहिरातीत रस्त्याच्या विद्यापीठाचा रकाना नसतो. स्वतःच्या मुलांना ही मंडळी रस्त्याच्या विद्यापीठात घालीत नाहीत हे मी पाहिले आहे.

आता आपल्या घरात पाहू, कारण दुसऱ्यांची झाडाझडती घेणे तुलनेने सोपे असते. १९७८ च्या ‘बलुतं’पासून दलित आत्मकथनांचा जो ओघ सुरू झाला त्याने मराठी साहित्याची चौकट मोडली हे आता वादातीत आहे. पण ह्या आत्मकथनांची एक रचनागत अट आहे : ती लिहिणारा पोहोचलेला असावा लागतो. नोकरी लागली, टेबल मिळाले, रात्रीचे दोन तास स्वतःचे झाले की माणूस लिहायला बसतो. साहजिकच त्याला आठवते ते दूरचे. बालपण आठवते, गाव आठवते, आईची फाटकी चोळी आठवते. अखेरचे सत्र फार जवळचे असते आणि पोहोचल्यावर ते मार्गातले एक स्थानक वाटू लागते. जो त्या स्थानकावरच उतरला, सहाव्या सत्राचा अर्ज भरून परीक्षेला बसलाच नाही, तो आत्मकथन लिहीत नाही. म्हणजे आपले हे साहित्य पोहोचलेल्यांचे साहित्य आहे. न पोहोचलेले त्यात आहेत ते मामा, चुलतभाऊ, शेजारी म्हणून.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. कुमुद पावडे ह्यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) संस्कृतची एम.ए. झालेली दलित मुलगी सत्कार स्वीकारते आणि नोकरीसाठी मात्र दारोदार फिरते. नोकरी मिळते ती आंतरजातीय लग्नानंतर, नवऱ्याच्या आडनावावर. सोमकुंवर नावाने मिळवलेली पदवी पावडे नावाने वटली. पदवीचा कागद आणि तो वटविणारे नाव ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीत इतक्या थंडपणे दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. किशोर शांताबाई काळे ह्यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) वैद्यकीय शिक्षणाचे दिवस जवळून पाहते. लेखक तेव्हा चोविशीचा होता, आणि तो जवळपणा पानापानांत जाणवतो. शरणकुमार लिंबाळे ह्यांनी ‘अक्करमाशी’ (१९८४) लिहिले तेही तिशीच्या आत. ह्या पुस्तकांची धग आणि पन्नाशीत लिहिलेल्या आत्मकथनांची धग ह्यांत जो फरक आहे, त्याचे एक कारण हे अंतर असावे असे मला वाटते.

बाबासाहेबांच्या चरित्राकडेही ह्या दृष्टीने पाहता येईल. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हाची सभा, सीताराम केशव बोले ह्यांचे अध्यक्षपद, कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी दिलेले बुद्धचरित्र, हे सारे आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. बी.ए. बद्दल काय ठाऊक असते? सयाजीराव गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती, पुस्तके देणारे प्राध्यापक म्युलर, आणि चहा-पाणी न देणारा एल्फिन्स्टन कॉलेजातला हॉटेलवाला. १९१२ साली परीक्षा झाली. १९१३ च्या जानेवारीत बडोद्याची नोकरी. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. परळच्या चाळीत मुलाला पहाटे दोनला अभ्यासाला उठविणारा बाप पदवीनंतर काही आठवडेच जगला. त्या अखेरच्या वर्षात त्या दोन खोल्यांत काय बोलणे झाले असेल, थकत चाललेल्या बापाकडे पाहून मुलाने कोणता हिशेब मांडला असेल, ह्यावर आपल्या कवींनी काही लिहावे असे मला फार वाटते. पुतळे आणि सूर्य खूप झाले. अखेरच्या सत्रात घरातला बाप नेहमीच म्हातारा होत असतो. बाजारातल्या घरांत तो जरा लवकर होतो, गुडघ्यांपासून.

शिष्यवृत्तीचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. तिच्यावर आपल्या तीन पिढ्या शिकल्या. आता अर्ज संगणकावर भरायचा असतो, पैसे खात्यात जमा होतात. आणि माझ्या वर्गातल्या मुलांचा अनुभव असा की ते पुष्कळदा वर्ष सरल्यावर जमा होतात. शिष्यवृत्ती जेव्हा लागते तेव्हा ती नसते. ती असते तेव्हा तिच्यातून आधीची उसनवार फिटते. निकालाचेही तसेच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला आणि निकाल रखडले. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, सप्टेंबरपर्यंत निकाल लागत राहिले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. वृत्तपत्रांनी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे काय होणार ह्याची काळजी वाहिली, ती वाहायलाच हवी होती. पण जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत बाजारातल्या मुलाच्या दृष्टीने काय होते ते त्यांना दिसले नाही. तो पदवीधरही नसतो आणि विद्यार्थीही नसतो. तो पूर्णवेळ बाजारात जातो. चार महिने बाजारात पूर्णवेळ गेलेला माणूस निकाल घ्यायला परत येईलच असे नाही.

आणि पदवीचा कागद हाती आला तरी त्यावर नाव कोणाचे, ह्यासाठी मराठवाड्यात आपली माणसे सोळा वर्षे लढली. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात घरे जळली, माणसे मेली. जे लोक पदवीला अर्थशून्य म्हणतात त्यांनी ह्या तारखा शेजारी ठेवाव्यात.

हे सगळे ज्यावरून सुचले तो मजकूर आता पुढे ठेवतो. आमच्या विभागाचे एक भित्तीपत्रक निघते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर तृतीय वर्षाच्या एका मुलाने त्यासाठी दोन फुलस्केप पाने आणून दिली. शीर्षक ‘सहावं सत्र’. मुलगा तुर्भ्याचा, फळबाजारात बदलीवर जाणारा. समीक्षेच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मी छापील पुस्तकांवरच बोलावे अशी अपेक्षा असेल, परंतु ह्या दोन पानांत मला जे मिळाले ते पुष्कळ छापील पुस्तकांत मिळाले नाही.

पहिले दीड पान म्हणजे नुसती नोंद आहे. कोणत्या रात्री किती पेट्या उतरवल्या आणि त्याच रात्री काय वाचले. पुस्तक बाजारात नेता येत नाही, भिजते, हरवते. म्हणून टिपणांची छायाचित्रे मोबाईलमध्ये घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो ती वाचतो. स्वनिम आणि रूपिम ह्यांतला फरक त्याला कोणत्या गाळ्यासमोर कळला तेही त्याने लिहिले आहे. बापाचा गुडघा एका वाक्यात येतो. टोळीतल्या पाण्याच्या जगाचा उल्लेख अर्ध्या वाक्यात येतो : तो स्वतःची बाटली नेतो, एवढेच. का नेतो ते लिहिलेले नाही. वाचणाऱ्याला कळते. विशेषण एकही नाही. हे गद्य त्याने कोठून मिळवले हे मी सांगू शकत नाही. बहुधा वहीच्या त्या मागल्या पानावरून.

आणि मग शेवटचा परिच्छेद. तेथे एकदम सूर्य उगवतो. काळोखाच्या छातीवर पाय देऊन तो उठतो, शतकांच्या शृंखला तुटतात, लेखणीची तलवार होते. भाषा बदलते, मुलगा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी आपण सगळे उभे राहतो : आपली व्याख्याने, आपले विशेषांक, जयंतीची आपली भाषणे. ज्या शब्दांनी १९७२ साली खरोखर काही पेटले होते, त्यांची राख त्याने पवित्र म्हणून कपाळाला लावली होती. दोष त्याचा नाही. दलित साहित्य असेच संपते असे आपणच त्याला शिकवले.

हस्तलिखितात एक वाक्य खोडलेले होते. खोडाखालून वाचता येत होते. एका रात्री गाड्या उशिरा आल्या, माणसे कमी होती, ह्याने आणि आणखी दोघांनी मिळून पहाटेआधी सगळा माल खाली केला. तेव्हा मुकादमाने पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली, आणि त्याला फार बरे वाटले. वर्गात आपल्याला असे कधी वाटले नाही, असेही पुढे होते. हे वाक्य का खोडले, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, ते दलित साहित्यात बसत नाही.’’

ह्या उत्तराचा आपण गंभीरपणे विचार केला पाहिजे. मुलाला बाजार आवडतो. निदान एका रात्री आवडला. तेथे त्याच्या अंगातल्या ताकदीला मान मिळाला, जो वर्गात त्याच्या मराठीला मिळत नाही, कारण त्याच्या ‘न’ आणि ‘ण’ कडे आम्ही अजून लाल शाईने पाहतो. बाजारातून त्याने सुटावे असे त्याच्या आईला वाटते, मला वाटते, त्यालाही वाटते. आणि तरीही त्याला तेथे बरे वाटले. अखेरच्या सत्राचा खरा ताण तो हा. केवळ दारिद्र्याचा असता तर तो सोपा होता. दारिद्र्यावर आपण लिहू शकतो. ज्या जागेने आपल्याला पिळले तिनेच आपल्याला नावाने हाक मारली, ह्यावर लिहायला आपल्यापाशी शब्द नाहीत, कारण वेदनेखेरीज दुसरी भावना दाखवली तर प्रस्थापित लगेच म्हणतील, पाहा, बरे चालले आहे की ह्यांचे. ही भीती खोटी नाही. तरी ह्या भीतीपोटी किती वाक्ये खोडली गेली असतील ह्याचा अंदाज करून पाहावा. बागुलांनी अशी वाक्ये खोडली नव्हती. ढसाळांनी तर ती मुद्दाम लिहिली, आणि ‘गोलपीठा’ १९७२ साली आला तेव्हा ती वाचून पुष्कळांची पंचाईत झाली.

मी त्याला शेवटचा परिच्छेद काढ असे सांगितले नाही. ते सांगण्याचा अधिकार शिक्षकाला असतो, पण तो वापरला की पोरे पुढच्या वेळी शिक्षकाला आवडेल तसे लिहितात. खोडलेले वाक्य वाचता येते आहे, एवढेच म्हणालो. दोन दिवसांनी त्याने मजकूर परत दिला. सूर्य होता तसाच होता. खोडलेले वाक्य सुवाच्य अक्षरात परत आले होते. दोन्ही एकमेकांशी भांडतात. भित्तीपत्रक तसेच लागले, आणि जिन्यापाशी उभी राहून मुले ते वाक्य वाचत होती हे मी पाहिले.

एक गोष्ट राहते. त्या भित्तीपत्रकासाठी वर्गातल्या मुलींपैकी कोणी काही दिले नाही. त्यांच्यातल्या दोघी-तिघी आईबरोबर मसाला बाजारात मिरचीची देठे खुडायला जातात. हातांची आग होते म्हणून परीक्षेत पेन धरताना रुमाल गुंडाळतात. सहावे सत्र त्यांच्यासाठी परीक्षेने संपत नाही, पाहुण्यांनी संपते. ‘‘परीक्षा झाली की बघू’’ असे घरात डिसेंबरपासून म्हटले जात असते, आणि हे वाक्य त्या मुलीसाठी मुदतही असते, संरक्षणही. काही जणी ह्या संरक्षणासाठीच एखादा विषय राहू देतात अशी मला शंका आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीला चौथ्या वर्षाचा पर्याय आला आहे. त्याची चौकशी वर्गात सर्वांत आधी मुलींनी केली. मुलांना नापास होण्याची मुभा नाही असे मी वर म्हटले. ह्या मुलींपैकी एखादी ती मुभा चोरून घेत असेल तर ‘कोसला’हून ते फार वेगळे पुस्तक होईल. एकीला मी लिहितेस का म्हणून विचारले. ती म्हणाली, ‘‘लिहिलंय सर, पण वही घरी आहे.’’ ती वही अजून आलेली नाही.